स्नायूंतल्या पाण्याचा माग: स्नायूदाह ओळखण्याची दीडशे वर्षांची धडपड



‘डॉक्टर, अंग दुखतंय’ आणि ‘डॉक्टर, अंगात ताकद राहिली नाही’ या दोन तक्रारी ऐकायला सारख्या वाटतात. पण त्यांचा अर्थ वेगळा असतो आणि उपचारही वेगळे असतात. २००६ साली आपल्या जिल्ह्यात मालेगावला चिकुनगुन्याची साथ आली, ती अनेकांना आठवत असेल. माणसं वाकून चालत होती, सांधे धरले होते, पोटऱ्या ठणकत होत्या. तरीही त्यांतल्या बहुतेकांच्या स्नायूंची ताकद शाबूत होती. दुखण्यामुळे ती वापरता येत नव्हती, एवढंच.

याउलट काही रुग्णांचं दुखणं किरकोळ असतं, पण जमिनीवर मांडी घालून बसलं की उठताना भिंतीचा आधार लागतो. वेणी घालताना हात वर राहत नाहीत. बसची पायरी चढताना दांडी धरून शरीर ओढून घ्यावं लागतं. खांदे, दंड, कंबर आणि मांड्या यांची ताकद काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अशी कमी होत गेली, तर डॉक्टरांच्या मनात जी नावं येतात त्यांत एक असतं मायोसायटिस, म्हणजे स्नायूदाह. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते. आजार फार आढळत नाही, पण वेळेवर ओळखला तर बऱ्याच अंशी आटोक्यात येतो.

खरा प्रश्न पुढेच असतो

समजा, निदान झालं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं. त्याची सुरुवातीची मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम असते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ६० मिलिग्रॅमपर्यंत. सोबत मेथोट्रेक्सेट किंवा ॲझाथायोप्रिनसारखं दुसरं औषध. तीन महिन्यांत बरं वाटलं. सहाव्या महिन्यात पुन्हा जिना जड जाऊ लागला. आता काय करायचं?

इथे तीन शक्यता असतात. पहिली, दाह पुन्हा पेटला असेल, तर औषध वाढवावं लागेल. दुसरी, दाह शमला असेल, पण आधी झालेल्या नुकसानीमुळे स्नायूंच्या जागी चरबी भरली असेल, तर औषध कितीही वाढवलं तरी ताकद परत येणार नाही. तिथे व्यायामोपचार हवा. तिसरी, स्टेरॉइडमुळेच स्नायू रोडावले असतील, तर औषध कमी करावं लागेल.

एकाच लक्षणाला तीन उत्तरं, आणि तीही परस्परविरोधी. चुकीचं उत्तर निवडलं तर एकीकडे स्नायू जातात, दुसरीकडे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो, दबलेला क्षयरोग डोकं वर काढतो. रुग्णाला बाहेरून तपासून या तिन्हींतला फरक सांगणं अवघड असतं. त्यासाठी स्नायूच्या आत डोकावावं लागतं. ते कसं, हे शोधण्यात वैद्यकाची दीडशेहून जास्त वर्षं गेली आहेत. आज ज्या ‘डिफ्यूजन एमआरआय’बद्दल काही रुग्ण इंटरनेटवर वाचून विचारतात, तो या धडपडीतला अलीकडचा टप्पा आहे.

आधी सुई, मग रक्त

१८६३ मध्ये जर्मनीतले डॉक्टर एर्न्स्ट वाग्नर यांनी अनेक स्नायूंना एकाच वेळी दाह झालेल्या रुग्णाचं वर्णन केलं. पुढे १८९१ मध्ये हाइनरिश उन्फरिख्त यांनी त्वचेवरच्या पुरळासह येणाऱ्या प्रकाराला ‘डर्मटोमायोसायटिस’ हे नाव दिलं. डोळ्यांच्या पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर चट्टे ही त्याची खूण. आपल्या सावळ्या त्वचेवर ते चट्टे जांभळे दिसण्याऐवजी नुसते काळपट दिसतात, म्हणून ऊन लागलं असेल किंवा ॲलर्जी असेल असं समजून दुर्लक्ष होतं, हे लक्षात ठेवा.

त्या काळात जिवंत माणसाच्या स्नायूत डोकावायचं तर तुकडा काढणं हाच मार्ग होता. फ्रान्सचे डॉक्टर दुशेन यांनी १८६० च्या दशकात त्यासाठी खास सुई बनवली. स्नायूचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत, म्हणजे आजची बायोप्सी, तिथून रुळली. ती आजही मोलाची आहे. पण तिची एक अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे. स्नायूदाह सगळीकडे सारखा पसरत नाही. तो ठिकठिकाणी असतो, जसा अवकाळी पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारचं कोरडं राहतं. सुई कोरड्या शिवारात गेली तर अहवाल ‘नॉर्मल’ येतो. शिवाय दर तीन महिन्यांनी मांडीचा तुकडा काढू द्यायला कोण तयार होईल?

१८९५ मध्ये राँटगेन यांचे क्ष-किरण आले, पण त्यांनी हाडं दाखवली. स्नायू त्यात नुसत्या धूसर सावलीसारखे दिसतात. १९५९ मध्ये जपानचे सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्नायू झिजवणाऱ्या आजारात क्रिएटिन कायनेज नावाचं द्रव्य रक्तात वाढतं. तुमच्या अहवालात ‘सीपीके’ म्हणून लिहिलेलं असतं ते हेच. स्नायूची पेशी फुटली की ते रक्तात सांडतं. ही स्वस्त, सोपी तपासणी फार उपयोगी पडली. पण काही रुग्णांत दाह असूनही सीपीके वाढत नाही, आणि जड कष्ट, व्यायाम किंवा दंडात घेतलेलं इंजेक्शन एवढ्यानेही ते वाढू शकतं. शिवाय स्नायूंत सांडणूक कुठे होते आहे, हे रक्त सांगत नाही.

१९७५ मध्ये अमेरिकेतले बोहान आणि पीटर यांनी निदानाचे पाच निकष मांडले: कंबर-खांद्यांची कमजोरी, रक्तातली वाढलेली द्रव्यं, सुईने केलेली स्नायूंची विद्युत तपासणी, बायोप्सी आणि त्वचेवरचं पुरळ. यात एकही चित्र नव्हतं, कारण स्नायूचा दाह दाखवणारं चित्र तेव्हा काढताच येत नव्हतं.

दुसरीकडे पाण्याचा अभ्यास सुरू होता

आता जरा दवाखान्याबाहेर पडून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊ. आपल्या स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाण्याचे रेणू कधी स्वस्थ बसत नाहीत. शांत पाण्यात शाईचा थेंब सोडला तर न ढवळताही तो पसरतो. याला विसरण किंवा डिफ्यूजन म्हणतात. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी परागकणांतले बारीक कण पाण्यात सारखे थरथरताना पाहिले, आणि १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी त्या हालचालीचं गणित मांडलं.

ही हालचाल न ढवळता, न रंगवता मोजायची कशी? त्याची वाट १९४६ मध्ये उघडली. अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की प्रबळ चुंबकात ठेवलेल्या हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओलहरी दिल्या की ती प्रतिसाद देतात. पाण्याच्या प्रत्येक रेणूत दोन हायड्रोजन असतात, म्हणजे पाणी बोलू लागलं. यासाठी दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं.

या कथेत आपल्या जवळचंही एक नाव आहे. एस. एस. धर्मट्टी हे त्या वेळी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्लॉख यांच्या परिसरात काम करत होते. १९५१ मध्ये आर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह त्यांनी दाखवलं की साध्या अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन आपापल्या जागेप्रमाणे तीन वेगवेगळे संकेत देतात. म्हणजे केंद्रक नुसता ‘मी आहे’ असं सांगत नाही, तर कुणाच्या शेजारी आहे हेही सांगतो. चरबीतला हायड्रोजन आणि पाण्यातला हायड्रोजन आज एमआरआयमध्ये वेगळे करता येतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. पुढे धर्मट्टी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. त्याच १९५१ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवाचा संकेत स्थिर द्रवाहून वेगळा येतो हे दाखवलं.

१९५० मध्ये एर्विन हान यांनी ‘स्पिन एको’, म्हणजे केंद्रकांचा प्रतिध्वनी शोधला आणि रेणू जागा सोडून फिरले की तो क्षीण होतो हे नोंदवलं. १९६५ मध्ये स्टेस्कल आणि टॅनर यांनी त्या क्षीण होण्यालाच मोजपट्टी बनवलं. त्यांची युक्ती अशी समजून घ्या: वर्गात प्रत्येक बाकाला क्रमांक दिला, आणि थोड्या वेळाने त्याच क्रमांकाने हजेरी घेतली. जागेवर असलेली मुलं ‘हजर’ म्हणतात, जागा सोडून गेलेल्यांचा आवाज येत नाही. एकूण आवाज जितका कमी, तितकी वर्गातली हालचाल जास्त. डिफ्यूजन एमआरआय आजही मुळात हीच हजेरी घेतो. फक्त वर्ग असतो तुमच्या मांडीत आणि दोन हजेऱ्यांमधलं अंतर असतं सेकंदाच्या काही शतांश भागाचं.

पहिला मान स्नायूचा

इतिहासातली मला सगळ्यात रोचक वाटणारी गोष्ट इथे येते. आज डिफ्यूजन एमआरआय म्हटलं की सगळ्यांना मेंदू आणि पक्षाघात आठवतो. पण शरीरातलं पाणी एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी धावतं, हे चुंबकीय पद्धतीने आधी दाखवलं गेलं ते स्नायूत. १९७६ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड, हेझलवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूतल्या पाण्याची हालचाल मोजली. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ती आडव्या दिशेपेक्षा सुमारे १.४ पट निघाली.

याचं कारण समजायला उसाची मोळी डोळ्यांसमोर आणा. मोळीच्या टोकाकडून आत शिरलेली मुंगी लांबीच्या दिशेने सरळ पळत जाते. आडवं जायचं तर तिला प्रत्येक उसाचा अडथळा लागतो. स्नायू हे हजारो बारीक तंतूंच्या मोळ्यांचेच बनलेले असतात. मोकळ्या पाण्याचा रेणू शरीराच्या तापमानाला सेकंदाच्या विसाव्या भागात एका दिशेने सरासरी १७ मायक्रोमीटर सरकतो, आणि स्नायूचा एक तंतू जाडीला साधारण ५० मायक्रोमीटर असतो. म्हणजे पाणी इतकं अंतर जातं की तंतूंच्या भिंती आणि आतली रचना त्याला जाणवते. म्हणूनच पाण्याची चाल मोजली की ज्या भिंती डोळ्यांना दिसत नाहीत त्यांची अवस्था कळते.

मग मेंदूने बाजी मारली

१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या संकेतांतून पहिलं चित्र काढलं. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांनी चित्र झटपट काढण्याची रीत शोधली. दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. १९७७ मध्ये रेमंड दमादियन यांच्या यंत्रात माणसाच्या छातीचं एक चित्र काढायला जवळपास पाच तास लागले होते. भारतात १९८६ च्या सुमारास दिल्लीच्या ‘इन्मास’ या संरक्षण संशोधन संस्थेत एमआरआय आलं.

फ्रान्सचे तरुण डॉक्टर दनी ल बिहाँ हे भौतिकशास्त्रही शिकलेले. त्यांनी १९८५-८६ मध्ये स्टेस्कल-टॅनर यांची हजेरीची युक्ती चित्राशी जोडली आणि जिवंत माणसातल्या पाण्याच्या हालचालीचे नकाशे काढले. बारीक केशवाहिन्यांत खेळणारं रक्त आणि पेशींभोवती रेंगाळणारं पाणी वेगळं ओळखण्याची कल्पनाही त्यांनी तेव्हाच मांडली. १९९० मध्ये मायकेल मोझली यांच्या गटाने मांजरांवर दाखवलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की तासाभरात डिफ्यूजनचं चित्र बदलतं, आणि त्या वेळी साधा एमआरआय अजून ‘सगळं ठीक’ म्हणत असतो. पक्षाघातात मिनिटामिनिटाला मेंदूच्या पेशी मरतात. अशा वेळी हे तंत्र वरदान ठरलं आणि जगभरच्या यंत्रांत शिरलं. आज नाशिकमध्ये एखाद्याचं तोंड वाकडं झालं आणि त्याला तातडीने एमआरआयला नेलं, तर पहिली नजर डिफ्यूजनच्या चित्रावरच जाते.

१९९४ मध्ये पीटर बॅसर आणि ल बिहाँ यांनी एक पाऊल पुढे टाकलं. पाणी प्रत्येक ठिकाणी कुठल्या दिशेने किती सरकतं, याचं पूर्ण गणित त्यांनी बसवलं. त्याला डिफ्यूजन टेन्सर म्हणतात. ही पद्धत पडताळून पाहायला त्यांनी काय वापरलं? डुकराच्या मांसाचा तुकडा, म्हणजे पुन्हा स्नायूच. दोनदा स्नायूने साथ दिली, पण फळ मिळालं ते मेंदूच्या रुग्णांना. स्नायूच्या रुग्णांना आणखी थांबावं लागलं.

दुतोंड्या मारुतीची खूण आणि तिची मर्यादा

तोवर स्नायूंसाठी एक वेगळी सोय झाली होती. १९८५ मध्ये इंग्लंडचे ग्रॅम बिडर आणि इयान यंग यांनी ‘स्टर’ नावाची पद्धत मांडली. यात चरबीचा संकेत दाबला जातो, त्यामुळे पाणी साचलेली जागा पांढरी चमकते. दाह झाला की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि तंतूंच्या मधल्या जागेत साचतं, म्हणून दाह झालेला स्नायू स्टर चित्रात उजळतो. १९९० च्या दशकापासून मायोसायटिसमध्ये ही तपासणी स्थिरावत गेली. बायोप्सी कुठून घ्यायची हे आधी चित्र पाहून ठरवता येऊ लागलं, म्हणजे सुई कोरड्या शिवारात जाण्याची शक्यता कमी झाली.

नाशिककरांना स्टरचं काम समजावणं सोपं आहे. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?’ पायापाशी, कमरेला, की गळ्याला? ती खूण पाण्याची पातळी सांगते. पण पाणी चढतंय की ओसरतंय, धार किती आहे, नदीकाठची घरं उभी आहेत की पडली, हे त्या खुणेवरून कळत नाही. स्टरचंही तसंच आहे. पाणी वाढलंय एवढं ते सांगतं. शिवाय उजळ किती म्हणजे किती, हे बरंचसं पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतं. सौम्य दाह निसटू शकतो. मागच्या आणि आताच्या तपासणीत नेमका किती फरक पडला, हे आकड्यात सांगणं कठीण जातं.

डिफ्यूजन एमआरआयकडून अपेक्षा आहे ती या पुढच्या प्रश्नांची: हे पाणी किती मोकळेपणाने फिरतंय आणि भिंती शाबूत आहेत का?

२००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी पॉलिमायोसायटिस आणि डर्मटोमायोसायटिसच्या रुग्णांच्या मांड्यांवर हे तंत्र वापरलं. दाह झालेल्या स्नायूंत पाण्याची हालचाल निरोगी स्नायूंपेक्षा वाढलेली आढळली. ज्या स्नायूंत चरबी भरली होती, तिथे ती कमी आढळली. सुरुवातीचा सहाव्या महिन्यातला प्रश्न आठवा. दाह आणि जुनं नुकसान या दोन अवस्था मोजमापात परस्परविरुद्ध दिशांना गेल्या, म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा. त्यानंतरच्या काळात आणखी काही गटांनी टेन्सर पद्धत आणि केशवाहिन्यांतल्या प्रवाहाचं मोजमाप या रुग्णांत करून पाहिलं आहे.

साध्या शब्दांत, ही तपासणी तीन गोष्टी मोजते:

१. पाण्याची सरासरी हालचाल. दाहात पाणी साचून मोकळी जागा वाढते, म्हणून हालचाल वाढते.

२. दिशेचा ठामपणा. तंतू नीट असतील तर पाणी लांबीच्या दिशेने ठामपणे धावतं. तंतू विस्कटले, भिंती फुटल्या की पाणी चहूकडे फिरू लागतं.

३. केशवाहिन्यांतल्या प्रवाहाचा वाटा. डर्मटोमायोसायटिसमध्ये आजाराचा मारा केशवाहिन्यांवरही होतो आणि त्या कमी होतात, म्हणून हा आकडा तिथे विशेष अर्थपूर्ण ठरू शकतो.

यात क्ष-किरण नाहीत. शिरेतून रंगद्रव्याचं इंजेक्शनही लागत नाही, त्यामुळे मूत्रपिंडं कमजोर असलेल्यांना तेवढी काळजी कमी. शिवाय तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

मग ही तपासणी सगळ्यांनी करून घ्यावी का?

नाही. आणि ‘का नाही’ हेही स्पष्ट सांगतो.

पहिली अडचण स्नायूच्याच स्वभावात आहे. मेंदूच्या तुलनेत स्नायूंतून येणारा संकेत फार लवकर विझतो, त्यामुळे चित्र खरखरीत येतं. पाय जरा हलला तरी मोजमाप बिघडतं. चरबीचे मोठे रेणू जवळजवळ हलतच नाहीत. त्यांचा संकेत नीट दाबला नाही तर पाण्याचा आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणजे एकाच स्नायूत दाह आणि चरबी शेजारी शेजारी असतील, तर एकाने वाढवलेला आकडा दुसरा खाली ओढतो आणि बेरीज ‘नॉर्मल’ येऊ शकते. म्हणून चरबीचं मोजमाप वेगळं करून मगच डिफ्यूजनचा अर्थ लावावा लागतो.

दुसरी अडचण, वाढलेली हालचाल म्हणजे मायोसायटिसच असं नाही. मार, संसर्ग, नस दबणं, अंगमेहनत यांनीही स्नायूत पाणी वाढतं. तिसरी अडचण, एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. सगळीकडे मान्य होईल अशी सीमारेषा अजून ठरलेली नाही. २०१७ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संधिवात संघटनांनी मायोसायटिसचे नवे निकष प्रसिद्ध केले. त्यांत साध्या एमआरआयलाही जागा मिळाली नाही, मग डिफ्यूजनची गोष्ट दूरच. याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा नाही. निकषांत बसवण्याएवढा एकसारखा पुरावा तेव्हा जमला नव्हता, इतकाच.

म्हणून आजची स्थिती अशी: स्नायूदाहासाठी साधा एमआरआय, त्यातलं स्टर चित्र आणि चरबी दाखवणारं चित्र, ही रोजच्या उपयोगाची आणि पुरेशी तपासणी आहे. डिफ्यूजन ही बहुतांशी संशोधन केंद्रांतली जोड आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारून पैसे घालवण्याची गरज नाही. एमआरआयचा खर्च हा आपल्याकडे मोठाच प्रश्न आहे. मुंबईची ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था देशी बनावटीचं १.५ टेस्लाचं यंत्र विकसित करत आहे. अशी यंत्रं जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचली, तर पुन्हा पुन्हा तपासणी करून तुलना करणं सामान्य रुग्णालाही परवडू लागेल.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

दुखणं आणि कमजोरी वेगळी ओळखा. हात न टेकता खुर्चीवरून उठता येतं का, डोक्यावरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, हे घरीच पाहा. काही आठवड्यांत यात घसरण होत असेल तर ‘वय झालं’, ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक घेत बसू नका. गिळताना ठसका लागणं, धाप लागणं किंवा लघवी चहासारखी गडद होणं यांपैकी काही सोबत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

कोलेस्टेरॉलची, म्हणजे स्टॅटिन गटातली गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती क्वचित स्नायूंना त्रास देते. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सीपीके किंवा एमआरआय करायच्या आधीचे काही दिवस नेहमीपेक्षा जड व्यायाम, ओझी उचलणं टाळा. केलं असेल तर सांगा. स्नायूत इंजेक्शन घेतलं असेल किंवा सुईने विद्युत तपासणी झाली असेल, तर कुठल्या बाजूला हेही सांगा. त्या जागी पाणी साचून चित्र फसवू शकतं. पेसमेकर किंवा शरीरात कुठलाही धातू असेल तर एमआरआय केंद्रावर ते सर्वात आधी सांगायचं.

प्रौढ वयात डर्मटोमायोसायटिस झाला तर काही रुग्णांत त्यामागे कर्करोग दडलेला असतो. म्हणून डॉक्टरांनी पोटाची, छातीची, स्त्रियांना स्तनांची आणि गर्भाशयाची तपासणी सांगितली तर ‘हात-पाय गळाले आणि हे भलतंच काय सांगतायत’ असं म्हणून टाळू नका.

जुने अहवाल, विशेषतः एमआरआयच्या सीडी आणि फिल्म, फेकू नका. शक्य असेल तर पुढचा एमआरआय त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा, म्हणजे तुलना खरी होईल.

आणि सहाव्या महिन्यात पुन्हा कमजोरी आली, तर गोळी स्वतः वाढवू नका, स्वतः बंदही करू नका. महिनोन्महिने घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवणं जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘हा दाह आहे, जुनं नुकसान आहे, की औषधाचा परिणाम? आणि ते कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तपासून पाहिलेली ताकद, सीपीके आणि एमआरआय या तिन्हींची सांगड घालून आज बऱ्याचदा त्याचं उत्तर देता येतं. जिथे देता येत नाही, तिथे संशय उरलेल्या स्नायूची बायोप्सी अजूनही कामी येते.

काही शंका असतील तर आपल्या डॉक्टरांशी बोला, आणि पुढच्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या.